अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संस्थांना ग्रँट मिळते, पण कसली?

नमस्कार मंडळी. आज दोन आकड्यांपासून सुरुवात करू या.

(स्क्रीनवर: 24 टक्के, 76 टक्के)

2020 साली अमेरिकेत एकोइंग ग्रीन आणि ब्रिजस्पॅन या दोन संस्थांनी मिळून एक अभ्यास काढला. एकोइंग ग्रीन ही नव्या दमाच्या सामाजिक कार्यकर्त्यांना फेलोशिप देणारी संस्था. ब्रिजस्पॅन ही अशा संस्थांना सल्ला देणारी. फेलोशिपमुळे दरवर्षी एकोइंग ग्रीनकडे अर्जांचा ढीग पडतो. त्या ढिगातून सगळ्या चाळण्या पार करून वर आलेले अर्ज या मंडळींनी निवडले आणि त्या संस्थांचे हिशेब शेजारी शेजारी मांडले. म्हणजे कच्च्या आणि पक्क्या संस्थांची तुलना नव्हती, सगळ्या पक्क्याच होत्या. तरीही कृष्णवर्णीय व्यक्ती प्रमुख असलेल्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्या प्रमुखांच्या संस्थांपेक्षा 24 टक्क्यांनी कमी निघालं.

हे तसं अपेक्षितच होतं. खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे. संस्थेच्या खात्यावरचा जो पैसा कुठे खर्च करायचा हे देणाऱ्याने ठरवून दिलेलं नाही, त्याला आपण आज ‘मोकळा पैसा’ म्हणू. या मोकळ्या शिल्लकीतली तफावत 76 टक्के. कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी आणि पुरुषांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा गट वेगळा काढला, तर हाच आकडा 91 टक्क्यांवर जातो. काम तेच, लाभार्थी तेच, आणि प्रमुखाच्या कातडीचा रंग बदलला की खात्यातली मोकळी शिल्लक जवळजवळ नाहीशी.

24 आणि 76 मधलं जे अंतर आहे, त्याच्यावरच आजचा व्हिडिओ. कारण ग्रँटची बातमी येते ती नेहमी रकमेची येते. अमक्या फाउंडेशनने इतके कोटी दिले. अटी कुणी वाचत नाही. मी प्रपोजलं लिहिण्याच्या धंद्यात आहे, म्हणून मला आधी अटी वाचायची खोड लागली आहे.

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण असली संस्था अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात सापडेल. मिलवॉकी शहराचा उत्तरेकडचा भाग घ्या, कृष्णवर्णीय वस्ती आहे. तिथे एक बाई चर्चच्या तळघरात शाळा सुटल्यानंतरचा वर्ग चालवतात. चाळीस मुलं. आई-वडील कामावरून येईपर्यंत अभ्यास, खाणं, थोडा खेळ. एका फाउंडेशनने त्यांना वर्षाला 50,000 डॉलर मंजूर केले. पेढे वाटायला हरकत नाही.

आता मंजुरीपत्राबरोबर आलेलं बजेट उघडा.

(स्क्रीनवर: बजेटचा तक्ता)

दोन अर्धवेळ शिक्षकांचं मानधन, मुलांचा खाऊ, पुस्तकं, बसचं भाडं. आणि सगळ्यात खाली एक ओळ, प्रशासकीय खर्च 10 टक्क्यांपर्यंत. म्हणजे झाले 5,000. आता या 5,000 मध्ये विमा बसवा, कारण विम्याशिवाय चाळीस मुलांना दारात उभं करता येत नाही. हिशेबनीस बसवा. फाउंडेशनलाच ऑडिट केलेले हिशेब हवे असतात, ते बसवा. छोट्या संस्थेच्या ऑडिटचं बिलसुद्धा तिकडे सहज 10,000 डॉलरच्या पुढे जातं. आणि बाईंचा स्वतःचा पगार? तो ‘कार्यक्रम खर्च’ नाही, असं पलीकडून कळवलं जातं. जानेवारीत मिलवॉकीत हीटर बंद पडला, तर खाऊच्या रकान्यातून तो दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी फेरमंजुरीचं पत्र पाठवायचं आणि उत्तर येईपर्यंत मुलांना कोट घालून बसवायचं.

हा झाला बांधलेला पैसा. चोरी होऊ नये म्हणून बांधलेला असतो, हे मान्य. पण ज्या संस्थेच्या खात्यात थोडी मोकळी शिल्लक असते, ती हीटर स्वतःच्या खिशातून दुरुस्त करते आणि पत्र नंतर पाठवते. जिच्याकडे नसते, तिची बाई स्वतःच्या क्रेडिट कार्डवर करते.

सरकारी ग्रँट असेल तर आणखी एक भानगड. बरेचसे सरकारी पैसे परताव्याच्या पद्धतीने मिळतात. आधी तुम्ही खर्च करा, बिलं लावा, मग आम्ही देऊ. आणि देऊ म्हणजे कधी, ते त्या खात्याच्या मर्जीवर. न्यूयॉर्क शहर आपल्या संस्थांची बिलं महिनोन्महिने अडकवतं, ही तिथली जुनी तक्रार आहे. आता विचार करा. तीन महिन्यांचे पगार स्वतःच्या पदरचे करायची ऐपत असेल, तरच ही ग्रँट घेण्यात अर्थ. मोकळी शिल्लक नाही म्हणून मोठी सरकारी ग्रँट घेता येत नाही, मोठी ग्रँट नाही म्हणून मोठ्या कामाचा अनुभव कागदावर दिसत नाही, आणि अनुभव दिसत नाही म्हणून पुढचा फंडर, म्हणजे पैसे देणारा, म्हणतो, यांची क्षमता अजून छोटी आहे. तो 76 टक्क्यांचा आकडा असा दरवर्षी स्वतःच स्वतःला जन्म देतो.

एक भर घालते. सरकारशी वेगळा दर ठरवून न घेतलेल्या संस्थांना अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या ग्रँटमध्ये अप्रत्यक्ष खर्चासाठी, म्हणजे विमा, हिशेबनीस असल्या खर्चासाठी, सरसकट 10 टक्के मिळायचे. ऑक्टोबर 2024 पासून ते 15 झाले. आपल्याकडच्या संस्थांमध्ये काम करणारे लोक हे ऐकून हसतील किंवा रडतील. परदेशी देणग्यांच्या आपल्या कायद्यात 2020 साली उलटा प्रवास झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. शिवाय मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला पुढे पैसे देणंही बंद झालं.

आणि देणाऱ्याचं काय? अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनला दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण 5 टक्के रक्कम धर्मादाय कामासाठी बाहेर काढावीच लागते, असा कायदा आहे. त्या 5 टक्क्यांत काय काय मोजता येतं? फाउंडेशनचा स्वतःचा वाजवी प्रशासकीय खर्चसुद्धा! म्हणजे फाउंडेशनच्या ऑफिसचा खर्च धर्मादायात धरला जातो. आणि तळघरातल्या बाईंचा विमा मात्र ‘ओव्हरहेड’, म्हणजे वरखर्च. मला ह्या एका गोष्टीचा राग येतो, आणि मी तो लपवणार नाही.

मग पैसा गोऱ्या संस्थांकडेच मोकळा का जातो? सगळे फंडर वर्णद्वेष्टे आहेत असं सोपं उत्तर मी देणार नाही. त्या अभ्यासात कारणं चांगली मांडलीत. बऱ्याच फाउंडेशनांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं असतं की न मागवलेले प्रस्ताव आम्ही घेत नाही. म्हणजे बोलावणं आलं पाहिजे. बोलावणं येतं ओळखीतून. ओळख होते एकाच कॉलेजातून, एकाच क्लबातून, एकाच बोर्डावरून. त्यातून भेट झालीच, तर समोरच्याला आपली भाषा पटली पाहिजे. वस्तीतली बाई सांगते, ‘आमची पोरं रात्री सुखरूप घरी जातात’. फाउंडेशनवाल्यांना हवा असतो तक्ता. आणि ओळखीच्या माणसाला आपण काय म्हणतो? ‘घे रे, तुला योग्य वाटेल तिथे वापर.’ अनोळखी माणसाकडे पावती मागतो. मोकळा पैसा म्हणजे विश्वास, आणि तो ओळखीच्या वाटेनेच फिरतो.

आता जरा मागे जाऊ, कारण ही गोष्ट 2020 मध्ये सुरू झालेली नाही.

(स्क्रीनवर: टस्कीगी, अलाबामा)

टस्कीगी म्हटलं की मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कार्व्हरांचं टस्कीगी. ती संस्था उभी केली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी. त्यांच्या विश्वस्तांपैकी एक होते शिकागोचे ज्युलियस रोझेनवाल्ड, सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष आणि भागीदार. 1912 साली रोझेनवाल्डांनी टस्कीगीला 25,000 डॉलर दिले. त्यातले काही उरले, तेव्हा वॉशिंग्टन यांनी विचारलं की यातून आसपासच्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधू का? सहा शाळांपासून सुरुवात झाली. 1932 पर्यंत दक्षिणेतल्या 15 राज्यांत जवळजवळ 5,000 शाळा उभ्या राहिल्या. गावोगाव लाकडी इमारती, मोठाल्या खिडक्या, कारण वीज नव्हती आणि प्रकाश खिडकीतूनच यायचा.

ही ग्रँट जुळवणीची होती. म्हणजे गावाने आपला वाटा घातला, तर फंड आपला घालणार. सरकारी तिजोरीतूनही पैसे यायचे, सर्वात मोठा वाटा तोच. पण गावाचा वाटा बघा. कुणी जमीन दिली, कुणी आपल्या रानातलं लाकूड, कुणी अंगमेहनत. काही ठिकाणी शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यात कापूस लावला, आणि तो विकून पैसे भरले. ज्यांचे आईबाप गुलामगिरीत जन्मले होते, त्या लोकांनी. सगळा हिशेब झाला, तेव्हा कृष्णवर्णीय गावकऱ्यांचा वाटा 47 लाख डॉलरच्या आसपास भरला आणि रोझेनवाल्ड फंडाचा 43 लाखांच्या आसपास.

शाळांना नाव मात्र पडलं रोझेनवाल्डचं.

रोझेनवाल्ड माणूस भला होता, त्याबद्दल वाद नाही. आपल्या फंडाने अनंत काळ जगू नये, पैसे खर्चून मोकळं व्हावं, असं त्याचं मत होतं आणि 1948 साली तो फंड खरोखरच बंद झाला. इतकं आजचे कितीसे फंडर करतात? पण इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी एक बारीक गोष्ट दाखवून दिली. हे गावकरी आधीच कर भरत होते. त्या करातून गोऱ्या मुलांच्या शाळा चालत होत्या. स्वतःच्या मुलांच्या शाळेसाठी त्यांना पुन्हा खिसा रिकामा करावा लागला, म्हणजे एकाच शाळेसाठी दोनदा कर.

आता 2020. मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला. देशभर लोक रस्त्यावर आले. कंपन्यांनी आश्वासनांची रांग लावली. वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने वर्षभराने अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या 50 कंपन्यांच्या आश्वासनांची बेरीज केली. झाली 49.5 अब्ज डॉलर. तोंडात बोट घालाल. त्यातले 45.2 अब्ज होते कर्ज किंवा गुंतवणूक, ज्यातून कंपनीला पुढे फायदाच व्हायचा. निम्म्याहून जास्त तर घरकर्जं. संस्थांना हातात मिळणारी, परत न करायची ग्रँट उरली 4.2 अब्ज.

त्याच वर्षी एक वेगळी गोष्टही घडली. मॅकेन्झी स्कॉट. ॲमेझॉनच्या संस्थापकाशी घटस्फोट झाल्यावर तिच्याकडे अब्जावधींचे शेअर आले आणि ते ती वाटत सुटली. अर्ज नाही, तक्ता नाही, फॉर्म नाही. तिची माणसं गुपचूप संस्थेची माहिती काढतात, आणि एक दिवस फोन येतो. टेक्सासमधलं प्रेअरी व्ह्यू हे जुनं कृष्णवर्णीय विद्यापीठ, त्याला 5 कोटी डॉलर आले. तेव्हाच्या अध्यक्ष रूथ सिमन्स यांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कोविडमध्ये ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटायच्या बेतात होतं, त्या विद्यार्थ्यांसाठी त्यातले 1 कोटी लगेच बाजूला काढले गेले. लगेच, कारण पैसा मोकळा होता. परवानगीचं पत्र कुणाला पाठवायचं नव्हतं.

तेव्हा बऱ्याच जाणत्यांनी मान हलवली. छोट्या संस्थेला इतका पैसा एकदम दिला तर ती कोसळेल, सवय लागेल, वगैरे. देणग्यांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी या संस्थेने या संस्थांचा काही वर्षं माग ठेवला. कोसळण्याची जी भीती होती, ती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरली नाही. उलट अनेकांनी आधी शिल्लक बांधली. म्हणजे ते 76 टक्क्यांचं भोक बुजवायला घेतलं.

मी स्कॉटची भक्त नाही, हेही सांगून ठेवते. कुणाला मिळेल, कुणाला नाही, हे एक बाई आणि तिचे सल्लागार ठरवतात आणि फोन न आलेल्यांना सहसा विचारायची सोय नसते. म्हणून मला कॅलिफोर्नियातला प्रयोग जास्त आवडतो. तिथे 2021 मध्ये ब्लॅक फ्रीडम फंड सुरू झाला, पाच वर्षांत 10 कोटी डॉलर जमवायचं ठरवून. मोठ्या फाउंडेशनांनी एका हंडीत पैसे घालायचे आणि वस्त्यांमधल्या संस्था ओळखणाऱ्या लोकांनी ते वाटायचे. ओळखीच्या वाटेनेच पैसा फिरत असेल, तर ओळख असलेला माणूस मध्ये बसवा, असा साधा हिशेब.

मग आला खटला.

(स्क्रीनवर: अटलांटा, ऑगस्ट 2023)

फिअरलेस फंड ही अटलांटातली गुंतवणूक संस्था, कृष्णवर्णीय स्त्रियांनी चालवलेली. अमेरिकेत नव्या उद्योगांना मिळणाऱ्या जोखीम भांडवलातलं (व्हेंचर कॅपिटल) एक टक्कासुद्धा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांना मिळत नाही, म्हणून त्यांच्या फाउंडेशनने एक स्पर्धा ठेवली. जिंकणाऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिकेला 20,000 डॉलरची ग्रँट. एडवर्ड ब्लम नावाचे गृहस्थ, ज्यांच्या संघटनेने त्याच वर्षी हार्वर्डचं वंशाधारित प्रवेशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जिंकलं होतं, त्यांच्याच दुसऱ्या एका संघटनेने कोर्टात दावा ठोकला. कुठल्या कायद्याखाली? 1866 च्या नागरी हक्क कायद्याखाली.

1866 म्हणजे यादवी युद्ध संपून गुलामगिरी जाऊन वर्षही उलटलं नव्हतं. ज्या गुलाममुक्तीसाठी जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपलं पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तिच्या लगोलग झालेला हा कायदा. नुकत्याच सुटलेल्या माणसाला करार करता यावा, मजुरी ठरवता यावी, जमीन घेता यावी, म्हणून केलेला. करार करताना वंशावरून भेद करायचा नाही, हा त्याचा गाभा. ब्लम यांच्या वकिलांनी त्यातलंच कलम उचललं. स्पर्धा म्हणजे करार, आणि तो फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांशीच होतो, म्हणजे भेद.

करार कसा? इथे पुन्हा अटी वाचाव्या लागतात. स्पर्धेच्या नियमांत सुरुवातीला स्वतःच लिहिलेलं होतं की हे नियम म्हणजे करार आहे. शिवाय भाग घेणारीने आपलं नाव, फोटो प्रसिद्धीसाठी वापरायला द्यायचा. म्हणजे देवाणघेवाण आली. खालच्या कोर्टाने स्पर्धा थांबवायला नकार दिला. पण जून 2024 मध्ये अपिलाच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी ती थांबवली. आम्ही देतो ते दान म्हणजे आमची अभिव्यक्ती आहे, हा बचाव चालला नाही. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि स्पर्धा कायमची बंद.

निकाल जॉर्जिया, फ्लोरिडा आणि अलाबामा या तीनच राज्यांपुरता बंधनकारक. पण घाबरायला राज्याची हद्द लागत नाही. ‘कृष्णवर्णीय प्रमुख असलेल्या संस्थांसाठी’ असं उघड लिहिलेल्या ग्रँटच्या जाहिराती वकिलांच्या टेबलावर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांत वस्तीचं नाव होतं, उत्पन्नाची अट होती, स्थानिक लोकांनी चालवलेली संस्था अशी भाषा होती. काही परतही आल्या नाहीत.

मला यातली एक उपरोधिक गोष्ट सांगायचीय. कायद्याचा फास बसला तो करारावर. ‘तू हे कर, मग मी ते देईन’ या देवाणघेवाणीवर. जिथे बदल्यात काहीच मागितलेलं नाही, निव्वळ देणगी आहे, तिथे करारच कुठे आहे? म्हणजे जो पैसा या संस्थांना सगळ्यात जास्त हवा होता, मोकळा, विनाअट, तोच या कायद्याच्या दृष्टीनेही जास्त सुरक्षित. फंडरांनी हे ओळखून अटी काढून टाकल्या असत्या तर मजा आली असती. बऱ्याच जणांनी अटी ठेवल्या आणि ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द तेवढा काढून टाकला.

2025 बद्दल थोडक्यात, कारण ते अजून कोर्टांत चाललंय. 21 जानेवारीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश निघाला. सरकारी ग्रँट घेणाऱ्या संस्थेने लिहून द्यायचं की आम्ही बेकायदेशीर ठरेल असा कुठलाही विविधता कार्यक्रम चालवत नाही. खोटं ठरलं तर फसवणुकीच्या कायद्याखाली दावा, आणि त्या कायद्यात भरपाई तिप्पट असते. बेकायदेशीर म्हणजे नेमकं काय, ते त्या कागदावर नाही. 50 कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त मालमत्तेच्या फाउंडेशनांकडेही चौकशीची नजर वळवायला सांगितलं. एप्रिलमध्ये न्याय खात्याने आधीच मंजूर झालेल्या 80 कोटी डॉलरहून जास्त रकमेच्या ग्रँट मध्येच तोडल्या. त्यात वस्त्यांमधला गोळीबार थांबवण्यासाठी रात्री रस्त्यावर उभं राहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या संस्था होत्या, कितीतरी कृष्णवर्णीय प्रमुखांच्या. परताव्याची पद्धत आठवतेय ना? झालेल्या खर्चाची बिलं हातात, आणि पुढचं सगळं बंद.

आता तुमच्यापैकी जे अमेरिकेत आहेत, त्यांच्यासाठी कामाचं. कंपनी तुमच्या देणगीइतकी रक्कम घालत असेल, किंवा तुम्ही देणगीसाठी वेगळं खातं उघडलं असेल, तर फॉर्ममध्ये ‘उद्देश’ असा एक रकाना येतो. आपल्याला वाटतं, ‘मुलांच्या पुस्तकांसाठी’ लिहावं, छान दिसतं. लिहू नका. ‘जिथे सर्वाधिक गरज असेल तिथे’ हा पर्याय असतो, तो निवडा. तुमच्या 200 डॉलरमधून हीटर दुरुस्त होऊ दे.

आणि संस्था पारखायची कशी? बहुतेक धर्मादाय संस्थांना आयकर खात्याकडे दरवर्षी फॉर्म 990 भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. पूर्ण फॉर्म भरलेला असेल, तर त्यात ताळेबंदाच्या पानावर ‘देणगीदाराच्या अटींविना’ असलेली शिल्लक वेगळी लिहिलेली असते. तीच ती मोकळी शिल्लक. आधी ती ओळ बघा. ती शून्याच्या आसपास दिसली तर लगेच ‘संस्था दुबळी’ असं म्हणू नका, मागची पंधरा मिनिटं आपण त्याच शून्याबद्दल बोलत होतो. मात्र वर्षाला 50,000 डॉलरपेक्षा कमी उलाढाल असेल, तर संस्था फक्त एक ऑनलाइन पोस्टकार्ड भरते, त्यात आकडे सापडत नाहीत. काही तर अजून नोंदणीकृतच नसतात, दुसऱ्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली काम करतात आणि त्या छत्राला साधारण 5 ते 10 टक्के देतात. अशा वेळी सरळ फोन करा आणि विचारा, मोकळा पैसा किती महिने पुरेल. हा प्रश्न त्यांना देणगीदार फारसे विचारत नाहीत, आणि उत्तर त्यांना तोंडपाठ असतं.